पाणकरीण मामीची खरी वाक्यं

पळसटोला, २ जुलै १९२८

चि. केशोराव,

आशीर्वाद आहेतच, ते नेहमीचे. आधी कामाचं ऐक. मला इंग्रजी शिकायचं आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. तुझा मामा जाऊन तीन वर्षं झाली आणि त्याच्यामागे गावाने तलावाचं पाणी माझ्या हाती दिलं. कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं, किती सोडायचं, मातीची पाळ कुठे खचली, कुठे पोखरली, हे सगळं मी पाहते. बाईमाणूस पाणकर कशी म्हणून दोन बैठका झाल्या, मग तेहेतीस शेतकऱ्यांचा पाण्याचा क्रम माझ्याशिवाय कोणाला तोंडपाठ नाही म्हणून सगळे गप्प बसले. रोज सकाळी मी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालते. आपल्या घराने पाच पिढ्या तलाव बांधले, पण पायताण घालून पाळीवर कोणी चढलं नाही. पाळ पायाला कळते, डोळ्याला नाही. गावाचा मालक मालगुजारसुद्धा जोडे खाली काढून येतो.

त्याच मालगुजाराने तुमच्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अर्ज टाकला आहे. तलाव भरला की जादा पाणी जिथून सांडतं ती सलंग त्याला दीड हात उंच करून हवी, म्हणजे त्याच्या उसाला उन्हाळाभर पाणी पुरेल. उसाशी माझं वैर नाही. पण आपली पाळ म्हातारी आहे, दीड हात जादा पाणी ती पेलणार नाही. आणि तिच्या पायथ्याशी मंगरूची टोली आहे, बावीस घरं.

पौषात तुमचा इंजिनेर साहेब पाहायला येईल. मागच्या साली आला तेव्हा पाळ कुठे ओली आहे ते मी अर्धा घंटा सांगितलं. दुभाष्या ईश्वरदास मालगुजाराच्या पंक्तीतला. त्याने दोन शब्दांत उरकलं. साहेब हसला आणि माझ्या हातावर रुपया ठेवून गेला. मागून कळलं, ईश्वरदासने सांगितलं होतं की बुढी लुगडं मागते. त्या रुपयाची मी पाळीला टाकायला पोती आणली, पण राग काही गेला नाही.

म्हणून या साली मधे कोणी नको. तू दिवसभर इंग्रजी कागद नकलतोस. मला एवढंच शिकव की पाळीचं दुखणं साहेबाला माझ्या तोंडून कळेल. अक्षरं मला तुझ्या मामाने शिकवली आहेत आणि डोकं अजून शाबूत आहे. सहा महिन्यांत धान पेरून घरात येतं, मग इंग्रजी काऊन येणार नाही.

तुझी मामी,
मनकर्णाबाई


गोंदिया, ९ जुलै १९२८

तीर्थरूप मामी,

तुमच्या पायांवर डोकं. खोटं कशाला सांगू, पत्र वाचून मी हसलो. मग तुमच्या सूनबाईने, शामकलाने मला विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे, आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पन्नाशी उलटल्यावर नवी भाषा उचलायला निघालेल्या मामीचा भाचा असल्याचा मला अभिमान वाटला, हे लिहून टाकतो.

आता धडा. वस्तूंची नावं तुम्हाला येतील, गुणाचे शब्दही येतील. अडचण असते ती त्यांच्यापुढच्या एवढ्याएवढ्या शब्दांची. मराठीत आपण शब्दालाच शेपूट लावून मोकळे होतो, वाघाला, वाघावर, वाघाशी. इंग्रजीत ही शेपटं सुटी असतात आणि प्रत्येक गुणाच्या शब्दाचा जोडीदार ठरलेला असतो. भ्यालेल्या माणसाला ‘अफ्रेड’ म्हणतात आणि त्याच्यापुढे ‘ऑफ’च येतो. एखाद्या कामात हुशार असेल तर ‘गुड’ आणि पुढे ‘अ‍ॅट’. असं का, ते विचारू नका, साहेबालाही सांगता येणार नाही. नऊ वर्षं इंग्रजी शिकून मी अजून इथेच ठेचकाळतो आणि हेडक्लार्क लाल शाईने माझी लाज काढतो.

पहिल्या पाच जोड्या देतो: अफ्रेड ऑफ, फुल ऑफ, गुड अ‍ॅट, फाँड ऑफ, अँग्री विथ. भ्यालेला, भरलेला, हुशार, शौकीन, रागावलेला. यांची वाक्यं करा, पण खरी करा. पुस्तकातली मुलं नेहमी आंब्याची शौकीन असतात आणि म्हणून ती वाक्यं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तुमच्या डोळ्यांसमोर जे असेल ते लिहा. मी तपासून दहापैकी गुण देईन.

मालगुजाराचा अर्ज हेडक्लार्कच्या टेबलावर आहे. मी तिथला सर्वांत धाकटा कारकून, माझ्या बोलण्याने तिथे पानही हलत नाही.

आपला आज्ञाधारक भाचा आणि तात्पुरता मास्तर,
केशोराव


पळसटोला, ३० जुलै १९२८

चि. केशोराव मास्तर,

धानाची रोवणी चालू आहे, कंबर मोडली आहे, पण अभ्यास सोडला नाही. पाठ करायची युक्ती मला सापडली. आपल्या गावात पाणी आधी शेवटच्या बांधीला जातं आणि तलावाजवळच्याला सगळ्यांत मागून, नाहीतर जवळचा पोट भरून बसतो आणि लांबचा वाळतो. तो क्रम माझ्या अंगात मुरलेला आहे. मी एकेका बांधीवर तुझी एकेक जोडी बसवली. दुधरामच्या बांधीवर फुल ऑफ, त्याच्या पुढच्या बांधीवर अफ्रेड ऑफ. पाणी सोडत जाते आणि पुटपुटत जाते. मंगरू माझ्यासोबत पाट मोकळे करतो. तो म्हणाला, “मामी, तुमी मंतर म्हनून राहिल्या का जी?” मी म्हटलं, “हो, साहेबाचा मंतर हाये.”

वाक्यं घे. खाली अर्थही लिहिते, म्हणजे मला काय म्हणायचं होतं ते तुला कळेल.

द टँक इज फुल ऑफ वॉटर. तलाव भरला आहे.
मंगरू इज गुड अ‍ॅट मड वर्क. मंगरू मातीकामात हुशार आहे.
क्रॅब्ज आर फाँड ऑफ अवर बंड. खेकड्यांना आपली पाळ आवडते.
आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ द नॉर्थ एंड. मला उत्तरेकडच्या टोकाची भीती वाटते.
आय अ‍ॅम अँग्री ऑन ईश्वरदास. मी ईश्वरदासवर रागावले आहे.

शामकलासाठी मंगरूच्या हाती मोहफुलं पाठवते.

मामी


गोंदिया, ६ ऑगस्ट १९२८

तीर्थरूप मामी,

दहापैकी नऊ. मी आठ वर्षांचा असताना पहिल्या वेळेला मला तीन मिळाले होते.

एक गुण ईश्वरदासमुळे गेला. इंग्रजीत माणसावर रागावत नाहीत, माणसाच्या ‘विथ’ रागावतात. खेकडे पाळीचे शौकीन आहेत हे वाक्य वाचून आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण डोकावून गेली. असं वाक्य एकाही पुस्तकात नसेल. तुमची पाण्याच्या क्रमाची युक्ती तर मी उद्यापासून इथे कचेरीच्या कपाटांवर लावून पाहणार आहे.

पुढच्या जोड्या: वेट विथ, क्लोज टू, टायर्ड ऑफ, अँक्शस अबाउट. अमक्याने भिजलेला, अमक्याच्या जवळचा, कंटाळलेला, काळजीत असलेला. शेवटची जोडी कठीण आहे, सांभाळून.

केशोराव


पळसटोला, २७ ऑगस्ट १९२८

चि. केशोराव,

ईश्वरदासच्या सोबत बसून रागावायचं असेल तर मला तो रागच नको. पण नियम तो नियम, बदलून घेतलं.

ही वाक्यं आज सकाळी पाळीवरून आल्या आल्या, पाय न धुता लिहिली आहेत. नीट पाहा.

द फूट ऑफ द बंड इज वेट विथ स्प्रिंग वॉटर. पाळीचा पायथा झऱ्याच्या पाण्याने ओला झाला आहे.
इट इज क्लोज टू द पळस ट्री. पळसाच्या झाडाजवळ.
द वॉटर इज नॉट क्लिअर. इट इज फुल ऑफ मड. पाणी निवळ नाही, मातीने भरलेलं आहे.
आय अ‍ॅम अँक्शस अबाउट ट्वेंटी-टू हाउसेस. मला बावीस घरांची काळजी लागली आहे.

बाकी सगळं ठीक. मोहफुलांचं काय केलं ते शामकलाला लिहायला सांग.

मामी


गोंदिया, ३ सप्टेंबर १९२८

तीर्थरूप मामी,

दहापैकी दहा. एकही चूक नाही, एकही.

तुमचं शेवटचं वाक्य मी एका कोऱ्या कागदावर उतरवून हेडक्लार्कला दाखवलं. कोणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “बहुत अच्छी अंग्रेजी है. देखो, अँक्शस के आगे अबाउट कैसा बराबर बैठा है.” मग तो कागद सगळ्या टेबलांवर फिरला. मामी, आमच्या पूर्ण कचेरीत तुमच्या वाक्याचं कौतुक झालं. मला तर छाती फुगवून फिरावंसं वाटत होतं.

पुढच्या जोड्या मागच्या पानावर आहेत.

आपला अभिमानी,
केशोराव


पळसटोला, २४ सप्टेंबर १९२८

चि. केशोराव,

या वेळी अभ्यास झाला नाही, रागावू नको. ‘विथ’ लावूनही रागावू नको.

चार दिवस पाऊस हटला नाही. मंगळवारी दुपारी पळसाजवळ पाळीचा पायथा तीन हात सुटला. सगळी टोली धावली. धानाचं तणस, चिकणमाती, पोती, कोणी आपल्या घराच्या कुडाच्या ताट्या मोडून आणल्या. बायकांनी टोपल्या वाहिल्या, मंगरू छातीइतक्या चिखलात उभा राहून माती दाबत होता. बुधवारी संध्याकाळपर्यंत पाळ धरली. माणूस कोणी गेलं नाही. दुधरामचा गोठा वाहून गेला, त्यातल्या दोन गाई गेल्या.

तुमचे लोक कुठे अडकले? वाटेत नाल्याला पूर असेल, गाडी निघाली नसेल, असं मी समजून घेतलं. तू दहा गुण दिलेस आणि पूर्ण कचेरीने वाक्य वाचलं असं लिहिलंस, म्हणून मी गावाला छातीठोक सांगितलं होतं की सरकारला कळलं आहे. मंगरू दोन्ही दिवस चिखलातून विचारत होता, “मामी, कचेरीवाले येऊन राहिले का जी?” मी त्याला म्हणत होते, “येऊन राहिले बापा, येऊन राहिले.”

कोण निघालं होतं आणि कुठपर्यंत आलं, तेवढं कळव. गावाला सांगावं लागेल.

मामी


गोंदिया, २७ सप्टेंबर १९२८

मामी,

कोणी निघालं नव्हतं.

तुमची वाक्यं मी वाचलीच नाहीत. मी ती तपासली. ‘अँक्शस’च्या पुढे ‘अबाउट’ आहे का ते पाहिलं, आणि बावीस घरं पाहिली नाहीत. गढूळ झरा म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहते आहे, हे मला कळायला नको होतं का? मी पाणकराचा भाचा आहे आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीत पगार घेतो. खेकडे पाळ पोखरतात हे तर पोरालाही माहीत असतं. त्या वाक्यावर मी हसलो.

काल तुमची सगळी पत्रं आणि मधली पोस्टकार्डं काढून बसलो. एकतीस वाक्यं निघाली. तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहून काढली आणि मग सलग वाचली. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तलावात पाणी किती, पाळ कुठे ओली, ओल किती हात सरकली, झरा कधी निवळ आणि कधी गढूळ, सगळं त्यात आहे. असा रोजनामा आमच्या ओव्हरसीयरने जन्मात ठेवला नाही. मी तुम्हाला शिकवतो आहे असं समजत होतो. तुम्ही अहवाल पाठवत होता आणि मी त्याच्यावर लाल शाईने गुण देत होतो.

उद्याच हा कागद साहेबासमोर ठेवतो. नोकरी गेली तर जाऊ दे.

तुमचा अपराधी,
केशोराव


पळसटोला, ८ ऑक्टोबर १९२८

चि. केशोराव,

मला राग आला होता. तीन दिवस होता, चांगला तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला होता. चौथ्या दिवशी उतरला, कारण अर्धी चूक माझी होती. मला वाटलं, इंग्रजीत लिहिलं म्हणजे सरकारला लिहिलं. कचेरीतल्या माणसाच्या हाती कागद पडला म्हणजे कचेरीने वाचला. तुला सरळ मराठीत लिहायला हवं होतं की बापा, पाळ जाते आहे, धाव. मलाच माझ्या इंग्रजीचा गर्व झाला होता.

कागद साहेबासमोर ठेवू नको. साहेब विचारेल ही बाई तुझी कोण, तू सांगशील मामी, आणि मालगुजार म्हणेल की कारकुनाने आणि त्याच्या मामीने मिळून कारस्थान रचलं. मग खरं वाक्यही खोटं होईल. पौषात मी बोलते. साहेबाने पुरावा मागितला तर दे, मागितल्याशिवाय नको. एवढं ऐक माझं.

आणि शिकवणं थांबवू नको. तीन महिने उरले आहेत आणि साहेबाला सलंगेचं काम मान्य झालं तर पुढच्या भाद्रपदात माझी पोती पुरायची नाहीत. एखाद्याची जबाबदारी आपल्यावर आहे, हे कसं म्हणतात? आणि ज्याला एखाद्या गोष्टीची काहीच खबर नाही, त्याला काय म्हणतात? दोन्ही जोड्या पाठव. गुण देऊ नको, वाक्य वाच.

मामी


पळसटोला, १५ जानेवारी १९२९

चि. केशोराव,

साहेब येऊन गेला. तुला नेमकं त्याच दिवशी सालेकशाला मोजणीला पाठवलं, हे हेडक्लार्कने मुद्दाम केलं की आपोआप झालं ते देव जाणे. तू नव्हतास म्हणून सगळं लिहिते.

मालगुजार, त्याचा दिवाणजी मनिराम आणि ईश्वरदास आधीच पाळीखाली उभे होते. तिघांनी जोडे काढले. साहेबाला कोण सांगणार, तो गुडघ्यापर्यंतचे बूट घालून वर चढला. ईश्वरदास सुरू झाला, “साहब, ये बुढ़िया—” आणि मी पुढे झाले.

“गुड मॉर्निंग, सर. आय अ‍ॅम रिस्पॉन्सिबल फॉर धिस टँक.” या तलावाची जबाबदारी माझी आहे.

ईश्वरदासचं तोंड उघडंच राहिलं. साहेबाने टोपी काढली. मग मी सुरू केलं, पहिल्या बांधीपासून, पाण्याच्या क्रमाने. दहा वाक्यं पाटासारखी धावली. अकराव्याला सगळं कोरडं. डोक्यात एक अक्षर उरलं नाही. साहेब थांबला होता आणि दिवाणजी गालात हसत होता. केशोराव, मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते.

तेवढ्यात पाळीखालून मंगरू ओरडला, “मामी, दुधरामची झाली जी, आता उदारामची बांधी.”

त्याला इंग्रजीचं ओ की ठो येत नाही. पण सहा महिने तो माझ्या मागे पाट मोकळे करत होता, कोणत्या बांधीवर मी किती पुटपुटते ते त्याला माहीत होतं. उदारामची बांधी म्हणताच तिथलं वाक्य तोंडात आलं आणि मग शेवटपर्यंत पाणी तुटलं नाही. मंगरूचं कौतुक मी कसं करू, मला कळत नाही. त्याच्यासाठी तुझ्याकडे जोडी असेल तर पाठव.

साहेबाने सगळं ऐकलं. मग काहीतरी भराभर बोलला आणि बुटाची टाच पाळीवर दोनदा आपटली. शब्द मला कळले नाहीत, टाच कळली. पाळ मजबूत आहे, असं तो म्हणत होता. मालगुजार मान हलवायला लागला. हे वाक्य मी कोणत्याही बांधीवर बसवलेलं नव्हतं, ते आपोआप आलं.

“सर, युवर बूट्स आर इग्नोरंट ऑफ द बंड.” तुमच्या बुटांना पाळीची काही खबर नाही.

दिवाणजी म्हणाला, “बुढी, का बोलून राहिली? साहेबाले असं म्हनते का कोनी?” साहेबाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं. मग तो तिथल्या दगडावर बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजेही काढले. त्याचे पाय इतके मऊ आणि पांढरे होते की मला त्याची दया आली.

मी पुढे, तो मागे. खडा लागला की थांबायचा, पुन्हा चालायचा. मी एक शब्द बोलले नाही, बोट दाखवलं नाही. पळसाजवळ तो आपोआप थांबला. वर गवत वाळलेलं होतं, पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. त्याने पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं, बोटांनी दाबून पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हळू बोलला, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. हे कधीपासून, आणि तुला तारखा कशा माहीत?

मी म्हटलं, माझ्या भाच्याकडे माझी पत्रं आहेत. त्याने वहीत तुझं नाव लिहून घेतलं.

पुरावा त्याने मागितला, मी दिला. आता तुझ्यावर काय येईल याची धास्ती आहे. जे असेल ते लपवू नको.

मामी


सालेकसा, ९ फेब्रुवारी १९२९

तीर्थरूप मामी,

साहेबाने मला बोलावलं. मी सगळी पत्रं नेली, माझ्या लाल शाईच्या गुणांसकट. त्याने सत्तावीस ऑगस्टच्या पत्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे दहा गुण कोणी दिले? मी म्हटलं, मी. त्याने विचारलं, आणि मग तू काय केलंस? मी म्हटलं, काही नाही.

वाटलं होतं की ओरडेल. तो ओरडला नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाला, मागच्या वर्षी मी या बाईला एक रुपया दिला होता. त्याचा चेहरा मला पाहवला नाही, मी खाली पाहत राहिलो.

तुमची एकतीस वाक्यं अर्जाच्या फाइलला जोडली गेली आहेत. हुकूम झाला आहे, डाकेने गावात येईल आणि चावडीवर वाचून दाखवला जाईल. त्यात काय आहे ते मी आधी सांगणार नाही, तुम्ही वाचा. हेडक्लार्कने माझी सहा महिन्यांसाठी सालेकशाच्या छावणीवर रवानगी केली, आणि मी तक्रार केली नाही. इथे एक जुना तलाव आहे. रोज सकाळी बूट काढून त्याच्या पाळीवर चालतो. अजून काही कळत नाही, पण चालतो.

मामी, नऊ वर्षं मी जोड्या घोकल्या आणि माझ्या एका वाक्यानेही जगात काही हललं नाही. तुमच्यासारखं माणूस माझ्या घरात आहे, यापेक्षा मोठं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मंगरूसाठी जोडी मागितली होती: ग्रेटफुल टू. उपकार मानणारी, अमक्याची.

केशोराव


पळसटोला, २६ फेब्रुवारी १९२९

चि. केशोराव,

हुकूम काल चावडीवर वाचला गेला. मनिराम दिवाणजीने कागद डोळ्यांसमोर धरला, घसा साफ केला आणि म्हणाला, “सरकार म्हनते का सलंगेचं काम पुढच्या सालापावेतो थांबवा.” लोक माना हलवून उठायला लागले. त्याला इंग्रजी जेमतेम येतं, आणि मालगुजाराने पढवलेलं त्याहून जास्त.

मी म्हटलं, “दिवाणजी, कागद इकडे द्या जी.”

त्याने दिला नाही. मग उदाराम उठला, दुधराम उठला, आणि टोलीतली माणसं नुसती उभी राहिली. तेव्हा दिला. मला वाचायला खूप वेळ लागला. दोन शब्द कळले नाहीत, ते तसे सांगितले. पण मुख्य ते कळलं, आणि मी ते आपल्या बोलीत सगळ्यांना सांगितलं. सलंग आज नाही, पुढच्या साली नाही, कधीच उंच करायची नाही. पळसाजवळचा पायथा पावसाआधी सरकारी खर्चाने दगडाने बांधायचा. आणि ते काम पाणकरणीला दाखवून, तिच्या सांगण्याप्रमाणे करायचं. हे शेवटचं मी हळू वाचलं, तर मंगरू म्हणाला, “जोरानं वाचा ना जी.” टोलीने ते तीनदा वाचायला लावलं.

आज दुपारी दगडाचं माप घ्यायला टोलीत गेले. एक गोष्ट मी तुला कधी लिहिली नाही, इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही. भाद्रपदात पाळ सुटली तेव्हापासून बावीसही घरांनी आपला संसार बांधून दाराशी ठेवला होता. भांडी, धान, कपडे, सगळं गाठोड्यात. जेवणापुरतं काढायचं आणि पुन्हा बांधायचं. पाच महिने हे चाललं होतं, मी रोज पाळीवरून पाहत होते, आणि त्यातल्या कोणीही मला एका शब्दाने विचारलं नाही की मामी, तुमचं ते इंग्रजी कुठवर आलं.

आज मी गेले तेव्हा मंगरूची बायको रुख्मा उंबऱ्यात बसून गाठोडं सोडत होती. गाठ इतकी आवळली होती की तिने दातांनी ओढून काढली. एकेक भांडं पुसून तिने फळीवर लावलं. धानाची डोली कोपऱ्यात नेऊन ठेवली. मला दारात पाहून म्हणाली, “मामी, बसा ना जी. पेज रांधतो, पिऊन जा.”

मी बसले. पेज व्हायला वेळ होता, पण आज कोणालाच घाई नव्हती.

मामी